चोळीतून सुटलेला खण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून खणाची पर्स लुटायची रीत तशी अलीकडची. पण ती इतक्या झटकन रुळली की अजूनही स्टीलच्या वाट्या लुटणारे घर आता जुन्या वळणाचे वाटू लागले आहे. पर्सपाठोपाठ खणाचे तोरण आले, आकाशकंदील आला, डायऱ्यांची वेष्टने, चष्म्याची घरे, लॅपटॉपच्या पिशव्या, कानातली, चपलांचे पट्टे, देवघरातली आसने आणि गौरीच्या पाठीमागचा पडदाही आला. दिवाळीआधी गावोगाव जी प्रदर्शने भरतात, तिथे निम्म्या गाळ्यांवर तोच निळा, तोच डाळिंबी, तोच मोरपंखी रंग आणि तीच बारीक बुट्टी. जोडीला पैठणीच्या मोराचे कोस्टर, नऊवारी नेसलेल्या कापडी बाहुल्या, नथीच्या आकाराचे किचेन. बायकांच्या जुन्या वेशातले जे जे कापता, चिकटवता, टाचता येईल, त्या सगळ्याची वस्तू झाली आहे.

याकडे पाहण्याचे दोन सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: आपली संस्कृती जपली जातेय, नव्या पिढीला खण कळतोय, घरबसल्या बायकांना चार पैसे मिळताहेत. दुसरा नाक मुरडणारा: जे कापड देवीच्या ओटीत घालायचे त्याच्या चपला करायच्या? मला यातला कुठलाच सूर लावता येत नाही, कारण दोघांचेही लक्ष वस्तूच्या आकारावर आहे. खण चोळीतून बाहेर पडला याचे सुतक पाळायचे कारण नाही. तो मागावरूनही सुटला आणि त्याची फारशी वाच्यता झाली नाही, तक्रार आहे ती तिथे.

पहिला मुद्दा आधी निकालात काढू. खण हे कधीच केवळ चोळीचे कापड नव्हते. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे माहेर. तिथून तो सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या पेठांत येई. पन्हा लहान, दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचा काठ, आणि अंगावर ताण्यातच जादा धागे घेऊन काढलेली बारीक नक्षी: रथ, तुळशीवृंदावन, हत्तीचे पाऊल. चोळी शिवताना तो काठ नेमका बाहीच्या कडेला यावा असे त्याचे माप. पण त्याच खणाची बाळाला कुंची होई, मुलीचे परकर-पोलके होई, पाळण्याला झालर लागे, उरलेल्या तुकड्याचा सुपारीचा बटवा होई. देवीला खण, माहेरवाशिणीला खण, डोहाळजेवणाला खण. म्हणजे हे कापड मुळातच तुकड्याने विणलेले, तुकड्याने दिले-घेतलेले आणि तुकड्यानेच वापरलेले. त्याची पर्स झाली तर परंपरा बाटली असे म्हणणाऱ्याने आपल्या पणजीचा बटवा पाहिलेला नसावा.

उलट परंपरेनेच खणाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. ओटी भरण्याची रीत महाराष्ट्रात आजही ठणठणीत आहे. पण ओटीत पडतो तो खण कुठला? कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिशवीभर साठलेले ते ऐंशी सेंटिमीटरचे पातळ, घसरडे ब्लाऊजपीस सगळ्यांच्या घरी आहेत. ते कुणी शिवत नाही. ते मिळतात, घडी न मोडता कपाटात जातात आणि पुढच्या ओटीत पुढे सरकतात. काही ब्लाऊजपीस तर इतकी घरे फिरून आलेले असतात की निघाले तिथेच परत पोहोचतात आणि यजमानीण ते ओळखूनही हसून घेते. देवळातही तेच. देवीला वाहिलेले खण पुन्हा विक्रीला येतात आणि दुसऱ्या ताटात बसून पुन्हा देवीपुढे जातात. विधी अक्षरशः पाळला गेला आणि त्या विधीतले कापड कधी बदलले ते कुणाला कळलेही नाही. ‘संस्कृती टिकली की कारागिरी आपोआप टिकते’ हे वाक्य व्यासपीठावर चांगले वाटते. ओटीचा खण त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. चालीरीती जगवायला हातमाग लागत नाही. वीस रुपयांचा पॉलिस्टरचा तुकडाही तेवढेच पुण्य देतो.

म्हणून खणाच्या पर्सकडे मी आधी आशेने पाहिले. निदान इथे कापड दिसण्यासाठी घेतले जाते, हाताळले जाते, आवडले म्हणून घेतले जाते. अशी एखादी पर्स उलटी करून पाहावी. बाहेरून हिरवागार खण, जांभळा काठ, मधोमध ऑक्सिडाइज्ड धातूची नथ टाचलेली. आत पातळ फोम, त्याला चिकटवलेले अस्तर, एक चेन. शिलाई सरळ, टीप बारीक. शिवणारीचा हात चांगला आहे हे लगेच कळते. आता अस्तर थोडे उचकटून कापडाची उलट बाजू बघायची. पुष्कळदा तिथे काहीच नसते. बुट्टी फक्त वरून दिसते, मागे फिकट डाग, कारण ती विणलेली नाही, छापलेली आहे. ज्या पर्समध्ये नक्षी खरोखर विणलेली असते तिथे मागेही धाग्यांचा माग दिसतो, पण तेही बहुतेक वेळा यंत्रमागाचे, कृत्रिम धाग्याचे कापड असते. काठ एका पट्टीत सलग आलेला, सगळीकडे एकसारखा दाबलेला. गळ्यात मात्र कागदी चिठ्ठी: ‘हॅन्डमेड’. खोटे नाही ते. शिवली हातानेच आहे. पण घेणारीला वाटते की विणलीही हातानेच. विकणारी तो समज दुरुस्त करत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्रमाग हा खलनायक नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत रात्रपाळीला उभा असणारा कामगार काही चैनीत नाही. त्याने विणलेले स्वस्त कापड नसते तर खेड्यातल्या बायकांना दोनच्या जागी चार साड्या कधी मिळाल्या नसत्या. यंत्रमागाच्या खणाची पर्स यंत्रमागाच्या भावाने, त्याच नावाने विकली तर तक्रारीला जागा नाही. पण हातमागाची पुण्याई त्याच्या नावावर चढवायची आणि हातमागवाल्याला त्याचा छदामही पोचू द्यायचा नाही, हा वारशाच्या नावाने चाललेला व्यवहार आहे, आणि तो आपण सगळे मिळून चालवतो आहोत.

हातमागावर नेमके असते काय, ज्यासाठी एवढे बोलायचे? याचे उत्तर भावनेत शोधले की गाडी घसरते. इरकली लुगड्याचा पदर घ्या. इरकल हे नाव ज्या इलकलवरून आले ते गावही बागलकोट जिल्ह्यातच आहे. कोल्हापूर-सोलापूरच्या बाजूला दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत शेतावर जाणाऱ्या बाईच्या अंगावर इरकल हमखास दिसे. त्याचे अंग साधे, बारीक चौकड्यांचे किंवा एकरंगी, बहुधा सुताचे. पदर मात्र तांबडा, चकचकीत, त्यावर पांढऱ्या पट्ट्या आणि कंगव्याच्या दातांसारखी किंवा गडाच्या तटासारखी नक्षी. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा. अंग विणून होत आले की पदराच्या धाग्यांचे फासे अंगाच्या धाग्यांच्या फाशांत एकेक करून अडकवायचे, असे हजारो. मग पुढे विणत जायचे. टोपपदर म्हणतात तो हा. अंग संपून पदर सुरू होतो त्या रेषेवरून बोट फिरवले तर किंचित उंचवटा लागतो; शिवण नसते, गाठही दिसत नाही.

ही करामत केवळ शोभेसाठी जन्माला आली नाही. रेशीम महाग. अख्खे लुगडे रेशमाचे करणे ज्या बाईला झेपत नाही, तिला निदान डोक्यावरून येणारा, चार लोकांत दिसणारा पदर तरी झळझळीत मिळावा, आणि रोज धुतले-आपटले जाणारे अंग सुताचे राहून टिकावे, असा तो हिशेब आहे. कमी पैशांत इभ्रत कशी विणायची याचे उत्तर त्या जोडात आहे. इरकली पदराची नक्षी स्कॅन करून कुशनवर छापली की दात येतात, तट येतो, रंगही येतो. येत नाही तो जोड, कारण कुशनला त्याची गरजच नाही. जो भाग कारागिराच्या डोक्यातून आला तोच गळतो. डोळ्यांना दिसणारा तेवढा शिल्लक राहतो, आणि त्याला आपण वारसा म्हणतो.

धारवाडकडच्या कसुतीचे असेच. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे तिचे टाके. कापडावर आधी नक्षी उमटवून घेत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजत मोजत सुई चालते. गवंतीत सुई गेल्या वाटेने परत येते आणि मधली सुटलेली घरे भरते, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू सारखीच. गाठ मारायची नाही. काळ्या चंद्रकळेवर अशी कसुती काढून ती नवरीला देत. आता ज्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत, गुळगुळीत आणि घट्ट दाबलेल्या यंत्राच्या कापडावर, तिथे ही सुई आंधळी होते. मग नक्षी छापून घ्यावी लागते आणि वरून टाका भरावा लागतो. गोपुर तेच दिसते, पण मोजणारे डोके रजेवर गेलेले असते. माग आणि सुई ही दोन वेगळी खाती नाहीत. एक बंद पडले की दुसऱ्याची पत जाते.

वेशाविषयी बोलताना आणखी एक अडचणीची गोष्ट आपण चतुराईने टाळतो. हा ‘पारंपरिक वेश’ नेमका कुणाचा? विसाव्या शतकात शिकल्या-सवरल्या, शहरी, मुख्यतः उच्चवर्णीय घरांतल्या बायकांनी नऊवारी सोडली आणि गोल पाचवारी घेतली. त्यांनी ती सोडली हे ठीकच केले. नऊवारीचा काच, उन्हाळ्यातला घाम, बाळंतपणातले हाल ज्यांनी सोसले त्यांना विचारा. पण कोळीवाड्यात, शेतात, वीटभट्टीवर, बाजारात बसणाऱ्या बायकांच्या अंगावर काष्टा आणि खणाची चोळी पुढे कितीतरी वर्षे राहिली, कारण वाकून काम करायला तो वेश सोयीचा होता आणि दुसरा परवडतही नव्हता. त्या काळात या लुगड्याला कुणी वारसा म्हटले नाही. ते गावंढळपणाचे लक्षण होते. शाळेच्या समारंभाला नऊवारीतली आई आली म्हणून मुले अवघडून जात. अंगावर वागवणाऱ्या बाईला तो वेश परंपरा वाटत नसतो, तो फक्त तिचा असतो. परंपरा वाटते ती सोडून गेलेल्यांच्या नातींना.

मग नाती परत आल्या. १९९९ मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, तिचे लोण गिरगावापासून नागपुरापर्यंत पसरले, आणि दुचाकीवर फेटा बांधून, शिवलेली नऊवारी घालून निघालेल्या मुली दरवर्षी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येऊ लागल्या. त्यात मला वावगे काही दिसत नाही. शिवलेली नऊवारी तर मला हुशारीची युक्ती वाटते. जिला ओचा-निऱ्यांचा धाक आहे तिच्यासाठी पायजम्यासारखी चढवायची सोय. वस्तूंचा हा बाजारही त्याच लाटेवर उभा राहिला. फक्त या लाटेत एक अदलाबदल झाली. कष्टाचा वेश सणाचा झाला, आणि तो वेश कष्टाचा होता ही आठवण पुसली गेली.

गोव्यातली कुणबी साडी याचे लख्ख उदाहरण. तांबड्या चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायची. त्या गाठीला देठली म्हणतात. भातशेतीत गुडघाभर चिखलात उभे राहायचे, पदर सावरायला हात मोकळा नाही, म्हणून ती गाठ. विणणारे हात थांबत गेले तशी ती साडी जवळजवळ नाहीशी झाली. वेंडेल रॉड्रिग्ज या गोव्याच्या वेशभूषाकाराने २०१० च्या सुमाराला तिचा पाठपुरावा केला, ती पुन्हा विणून घेतली, फॅशनच्या मंचावर आणली. २०१२ मध्ये गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर ‘मोडा गोवा’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे कपडे कुणाला आवडोत न आवडोत, त्यांनी सुरुवात मागापासून केली, हे महत्त्वाचे. आता त्याच चौकड्या पर्यटकांच्या पिशव्यांवर आणि टोप्यांवर दिसतात. चौकडी ही तशी कुणालाही छापता येते. तिला कुणबी म्हणून विकायचे असेल, तर कुणबी बाईशी तिचा काहीतरी संबंध असावा एवढी अपेक्षा फार नाही.

बायकांच्या जुन्या वेशापासून हाताने घडवलेली, कुठल्याही डिझायनरने न सुचवलेली एक वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती म्हणजे गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणते. सीमेपलीकडे कर्नाटकात ती कौदी होते. फाटलेली लुगडी उसवून, धुऊन, वाळवून थरावर थर अंथरायचे. वरच्या थराला त्यातल्या त्यात धड लुगडे, जिथे विरले असेल तिथे चोळीचा, धोतराचा, पोराच्या सदऱ्याचा तुकडा. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. दोघी-तिघी दोन बाजूंना बसून, दुपारच्या मोकळ्या वेळात, पावसाळ्याच्या आधी. टाका लहान-मोठा होतो, ओळ वाकते, हात कुणाचा ते कळते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून ती उघडी समजतात.

गोधडीत चोळीचा खण असे, इरकलीचा पदर असे, पण ‘खणाची गोधडी’ अशी जाहिरात नसे. तिच्यात वारसा दाखवायला ठेवलेला नव्हता, पांघरायला ठेवला होता. आणि म्हणूनच तिच्याविषयी गळा काढून लिहिणारे मला सोसत नाहीत. गोधडीत आईच्या लुगड्याची ऊब असते हे खरे असेल; तिच्यात फुकट राबलेल्या शेकडो दुपारीही असतात. गोधडी शिवणारीला मजुरी कुणी दिली नाही, कारण ते काम धरलेच नव्हते. रुखवतात मांडलेले मण्यांचे पोपट, क्रोशाची तोरणे, लोकरीची आसने यांनाही किंमत नव्हती. ती मुलीच्या हाताला वळण असल्याची प्रमाणपत्रे होती. लमाण तांड्यावरची बाई आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांनी स्वतःची फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी भरायची तेव्हाही तसेच. पुढे त्या जुन्या फेट्या व्यापाऱ्यांनी उचलल्या, कापल्या आणि झोळ्या करून मोठ्या शहरांत विकल्या. एका बाईचा कित्येक महिन्यांचा टाका एकरकमी गेला.

हौसेच्या कामाला किंमत नसते, ही सवय आपण या नव्या धंद्यातही घेऊन आलो आहोत. घरी बसून पर्स शिवणाऱ्या बाईला नगामागे पैसे मिळतात. समजा, एका पर्सला बारा रुपये. घरचे आवरून, पोरांचे डबे करून ती दिवसाला दहा शिवते. १२० रुपये. त्यातून दोरा तिचा, मोडलेली सुई तिची, विजेचे बिल तिचे. आकडे इकडेतिकडे करा, गणित फार हलत नाही. तीच पर्स गाळ्यावर दीडशेला जाते, आणि वाणासाठी पन्नासच्या हिशेबाने मागितली की भावात ओढाताण होऊन साठ-सत्तरला. एवढ्या भावात शिवणारीचा दर बसत नाही. हातमागाचा खण तर आसपासही फिरकत नाही. म्हणून मला वाटते, पन्नास जणींना साठ रुपयांत वारसा वाटण्यापेक्षा स्टीलची वाटी बरी. वाटी कुणाचा वारसा असल्याचा दावा करत नाही आणि आमटीला उपयोगी पडते.

आणि मागापाशी काय चित्र आहे? २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांहून थोडे अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका. जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत. धोटा पुरुषाच्या हाती असला तरी कांड्या भरणारी, सूत उकलणारी, ताणा लावायला मदत करणारी बाई घरातलीच असते, आणि तिची मजुरी बहुधा त्याच्याच मजुरीत धरलेली असते. म्हणजे एका टोकाला कांड्या भरणारी बाई, दुसऱ्या टोकाला पर्स शिवणारी बाई, आणि मधे ‘स्त्रीच्या सौंदर्यदृष्टीचा वारसा’ अशी कमान.

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे प्रकरण आठवते का? जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आल्या आणि त्यांचे मूळ सांगितले गेले नाही म्हणून महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. कंपनीला प्रेरणा कुठली ते मान्य करावे लागले. संताप रास्तच होता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, हे त्या गदारोळात थोडे बाजूला पडले, ते सोडा. माझा प्रश्न वेगळा आहे. मिलानने कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण चिडलो. आपल्या प्रदर्शनातल्या किती गाळ्यांवर गुळेदगुड्डचे नाव लिहिलेले असते? ‘महाराष्ट्राचा खण’ म्हणून तो आपण परदेशातल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनांपर्यंत नेला. नेसणारी मराठी होती, हे खरे. विणणारा कन्नड होता, हेही तितकेच खरे. उचलणारा मोठा असला की ती चोरी आणि उचलणारे आपण असलो की तो अभिमान, असे करून चालणार नाही.

भौगोलिक मानांकन गुळेदगुड्डच्या खणालाही आहे, इरकलला आहे, २०१० मध्ये पैठणीलाही मिळाले. पण मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नाही. आणि नुसत्या ‘खण’ या बाजारी नावाला ते अडवू शकत नाही. हातमाग चिन्ह २००६ पासून आहे. त्याचे लेबल साडीवर लागते, पण साडी कापून पर्स झाली की लेबल पहिल्याच कात्रीत कचऱ्यात जाते. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा कापडाचे काही प्रकार फक्त हातमागावरच विणावेत असे सांगतो. सुरुवातीला अशा प्रकारांची यादी २२ ची होती, ती ११ वर आली. कमलादेवी चट्टोपाध्याय ज्याच्या अध्यक्ष होत्या ते १९५२ चे अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि हातमाग मंडळ ही दोन्ही २०२० मध्ये बरखास्त झाली, तीही ७ ऑगस्टच्या हातमाग दिनाच्या आगेमागे. त्या मंडळांनी शेवटच्या काळात फार दिवे लावले होते असे नाही. पण विणकराला सरकारदरबारी बसायला एक खुर्ची होती, तीही उचलली गेली.

तरीही मी या वस्तूंच्या विरुद्ध नाही. पूर्वी जुनी जरीची साडी घेणारे दारोदार यायचे. ते साडीची जरी जाळून तिच्यातली चांदी काढून घेत आणि आजीचे लग्न वजनावर विकले जाई. त्यापेक्षा विरलेल्या पैठणीचा पदर चौकटीत बसवणे, धड राहिलेल्या काठाची पोराला कुंची करणे केव्हाही चांगले. ज्या मुली कापडाचा मगदूर ओळखून काम करतात त्यांच्या वस्तूही आता दिसू लागल्या आहेत. कुणी खणाचा काठ कापून न टाकता पिशवीच्या तोंडाशी आणते, जसा तो चोळीच्या बाहीला यायचा. कुणी इरकलीचा जोडच मधोमध घेऊन उशीचा अभ्रा शिवते, म्हणजे हात फिरवणाऱ्याला तो उंचवटा लागावा. कुणी मागवाल्याकडून पर्सच्या मापाचाच पन्हा विणून घेते, त्यामुळे कापड वाया जात नाही आणि त्यालाही सलग काम मिळते. या वस्तू महाग असतात. असायलाच हव्यात. वाणाला त्या परवडणार नाहीत, आणि वाणाला परवडणे हे त्यांचे कामही नाही.

बाकीच्यांनी निदान चिठ्ठी खरी लिहावी. कापड कुठल्या गावचे, हातमाग की यंत्रमाग, धागा रेशमाचा, सुताचा की कृत्रिम, शिवणारीला नगामागे किती. चार ओळी. गिऱ्हाईक एवढे वाचत नाही, असे विक्रेत्या सांगतात. पण ‘हॅन्डमेड’ हा एक शब्द गिऱ्हाईक वाचते आणि त्यासाठी जास्त पैसे मोजते हे त्यांनाच पक्के ठाऊक आहे; म्हणून तर तो छापलेला असतो. शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जड जाईल. सुरुवात बचत गटांनी करावी, कारण त्यांच्या गाळ्यावर शिवणारी आणि विकणारी पुष्कळदा एकच असते. तिला स्वतःचा दर लिहायचा म्हटले की आधी तो ठरवावा लागेल.